सेवाक्षेत्रातील स्वमग्न उमेदवार आणि त्यांचा मार्गदर्शक

शिक्षण, परिचर्या, समाजकार्य, समुपदेशन, दिव्यांगांचे पुनर्वसन ही सारी क्षेत्रे माणसाने माणसासाठी करावयाच्या कामाची आहेत. या क्षेत्रांत येणाऱ्या नवोदितास पुस्तकी ज्ञान महाविद्यालयात मिळते. परंतु प्रत्यक्ष काम तो कोणा तरी अनुभवी व्यक्तीच्या हाताखाली राहूनच शिकतो. नवी परिचारिका वॉर्डात ज्येष्ठ सिस्टरबरोबर वावरून शिकते, नवा शिक्षक मुरलेल्या मुख्याध्यापकाच्या नजरेखाली तयार होतो. हे शिकणे बहुधा कोणी काही न सांगता, पाहता पाहता होत असते. ज्यांना असे न सांगता शिकणे जड जाते, त्यांच्यासाठी मार्गदर्शक ही केवळ सोय राहत नाही, ती गरज होते. स्वमग्न उमेदवार हे अशांपैकी होत.

गेल्या दोन-तीन दशकांत ज्या मुलांच्या स्वमग्नतेचे निदान झाले, ती मुले आता वयात आली आहेत. त्यांपैकी काही जण पदवी घेऊन नोकरीच्या उंबरठ्यावर उभे आहेत, आणि इतरांच्या उपयोगी पडावे या ओढीने सेवाक्षेत्राकडे वळणारेही त्यांत आहेत. अशा उमेदवारास सांभाळून घेण्याची वेळ कोणत्याही शाळेवर, दवाखान्यावर किंवा कार्यालयावर येऊ शकते. यास्तव या विषयाची माहिती अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांना असणे अगत्याचे आहे.

स्वमग्नता म्हणजे काय?

स्वमग्नता हा आजार नव्हे. मेंदूच्या जडणघडणीतील तो जन्मजात वेगळेपणा होय. अमेरिकेतील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांच्या निरीक्षणावरून त्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी, १९४४ साली, व्हिएन्नातील हान्स अॅस्परगर यांनी बोलण्यात व बुद्धीत मागे नसलेल्या, परंतु लोकव्यवहारात अडखळणाऱ्या मुलांचे वर्णन केले. ब्रिटनच्या लॉर्ना विंग यांनी १९८१ साली त्या कार्याकडे जगाचे लक्ष वेधले. त्यानंतर ही कल्पना उत्तरोत्तर व्यापक होत गेली आणि २०१३ पासून या सर्व प्रकारांना मिळून एकच संज्ञा वापरली जाऊ लागली. त्यामुळे मुळीच न बोलणारे मूल आणि उत्तम गुणांनी पदवीधर झालेली तरुणी, ही दोघेही स्वमग्न असू शकतात.

या सर्वांत काही गोष्टी समान आढळतात. संभाषणातील सूचक अर्थ, चेहऱ्यावरील भाव, आवाजातील चढउतार यांचा उलगडा त्यांना आपोआप होत नाही; तो विचारपूर्वक करावा लागतो. ठरलेल्या क्रमात अचानक बदल झाला की त्रास होतो. आवाज, प्रकाश, वास, स्पर्श यांची जाणीव सर्वसाधारण माणसापेक्षा अधिक तीव्र किंवा क्वचित अधिक मंद असते. त्याचबरोबर आवडीच्या विषयात खोलवर शिरण्याची वृत्ती, बारकाव्यांकडे लक्ष आणि बोलण्यातील सरळपणा हे गुणही पुष्कळांत दिसतात.

करुणेविषयीचा गैरसमज

'ज्याला दुसऱ्याचे मन कळत नाही, तो दुसऱ्याची सेवा काय करणार?' हा प्रश्न स्वमग्न उमेदवारासमोर उघडपणे किंवा आडून येतोच. या प्रश्नात मोठी गफलत आहे. दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून त्याचे दुःख चटकन न ओळखणे ही एक गोष्ट, आणि ते कळल्यावर त्याविषयी कळवळा नसणे ही अगदी निराळी गोष्ट होय. पहिली अडचण अनेक स्वमग्न व्यक्तींना असते. त्यावरून दुसरी गृहीत धरणे अन्यायाचे आहे.

ब्रिटनमधील समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन हे स्वतः स्वमग्न आहेत. त्यांनी २०१२ साली असे प्रतिपादन केले की, ही अडचण दुहेरी आहे. स्वमग्न व्यक्तीला इतरांचे मन वाचणे जेवढे कठीण जाते, तेवढेच इतरांनाही स्वमग्न व्यक्तीचे मन वाचणे कठीण जाते. मात्र दोष तेवढा एकाच बाजूला दिला जातो. या विचारास बळकटी देणारा एक प्रयोग २०२० साली प्रसिद्ध झाला. कॅथरीन क्रॉम्प्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ७२ प्रौढांचे आठ-आठ जणांचे गट केले आणि एक गोष्ट एकाकडून दुसऱ्याकडे अशी क्रमाने सांगवली. सर्व स्वमग्न असलेल्या गटांत ती गोष्ट सर्व अस्वमग्न असलेल्या गटांइतकीच चांगली टिकून राहिली. मिश्र गटांत मात्र तिचा अधिक भाग गळून गेला. स्वमग्न माणसाला सांगता येत नाही किंवा समजत नाही असे नसून, दोन निराळ्या रीतींची माणसे एकत्र आली की मधला पूल कच्चा पडतो, असा याचा अर्थ होतो. तो पूल पक्का करणे हेच मार्गदर्शकाचे काम होय.

अडचण नेमकी कोठे येते?

अभ्यासक्रमात असा उमेदवार पुष्कळदा चांगले यश मिळवतो. अडचण सुरू होते ती प्रात्यक्षिकात. शिक्षक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचे झाले व शाळेतील आंतरवासितेसाठी किमान २० आठवडे ठरवण्यात आले. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात क्षेत्रकार्य हा कणाच मानला जातो. परिचर्येचे शिक्षण तर वॉर्डाशिवाय पुरेच होत नाही. या प्रत्येक ठिकाणी पाठ्यक्रमात नसलेले असंख्य अलिखित नियम असतात: वरिष्ठांना केव्हा भेटावे, शिक्षककक्षात कोणत्या खुर्चीवर बसू नये, रडणाऱ्या नातेवाइकाजवळ किती वेळ थांबावे, चहाच्या वेळी कामाचे बोलावे की नाही.

आपल्या व्यवहारातील बोलणेही पुष्कळसे आडवळणाचे असते. 'जमल्यास पाहा' असे साहेब म्हणाले, तर त्याचा अर्थ 'आजच करा' असा असू शकतो. 'बघू या' याचा अर्थ बहुधा नकार असतो. 'उद्या जरा लवकर या' यातील 'जरा' म्हणजे पाच मिनिटे की एक तास, हे कोणी सांगत नाही. शब्दशः अर्थ घेणारा उमेदवार येथे चुकतो आणि त्याची चूक अज्ञान म्हणून न पाहता उद्धटपणा किंवा आळस म्हणून पाहिली जाते. दवाखान्यातील गर्दी, लुकलुकणारी ट्यूबलाइट, एकाच वेळी चालणारी पाच संभाषणे यांनी तो दिवसअखेर गळून जातो. आपले वेगळेपण कोणास दिसू नये म्हणून सतत मुखवटा धारण करण्याचे श्रम त्यात भर घालतात. अशा रीतीने कामात कुशल असणारा माणूस कामाच्या ठिकाणच्या वावरामुळे बाहेर पडतो, आणि समाज एका चांगल्या कार्यकर्त्यास मुकतो.

ही हानी केवळ नोकरीपुरती नसते. आयर्लंडमधील भूलतज्ज्ञ डॉ. मेरी डोहर्टी यांना स्वतःच्या स्वमग्नतेचे निदान प्रौढ वयात झाले. त्यांनी २०१९ साली स्वमग्न डॉक्टरांसाठी एक आंतरराष्ट्रीय परस्परसाहाय्य संघटना स्थापन केली व शेकडो डॉक्टर तीत सामील झाले. या मंडळींनी २२५ स्वमग्न डॉक्टरांची पाहणी करून तिचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध केले. त्यांपैकी ७७ टक्के डॉक्टरांच्या मनात कधी ना कधी आत्महत्येचा विचार येऊन गेला होता. स्वमग्न असल्याचे माहीत असलेल्या दुसऱ्या डॉक्टराबरोबर काम करण्याची संधी केवळ २२ टक्क्यांना मिळाली होती. स्वमग्न असावा असे वाटणारा एकही सहकारी ज्यांना कधी लाभला नाही, त्यांच्यात आत्महत्येचा विचार येऊन गेल्याचे प्रमाण अधिक आढळले. स्वेच्छेने उत्तरे देणाऱ्यांची ही पाहणी असल्याने तिच्यावरून सर्वांविषयी अनुमान काढता येणार नाही. तथापि एकटेपणाची किंमत किती जबर असू शकते, हे तीवरून ध्यानात येते.

एका शिक्षकाने काय केले?

चांगला मार्गदर्शक काय साधू शकतो, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील टेंपल ग्रँडिन यांचे आहे. त्यांचा जन्म १९४७ सालचा. शाळेत चिडवणाऱ्या मुलीवर पुस्तक फेकल्यामुळे त्यांना शाळेतून काढण्यात आले होते. पुढे न्यू हॅम्पशायर राज्यातील निवासी शाळेत त्यांना विल्यम कारलॉक हे विज्ञानशिक्षक भेटले. गुरांना लस टोचताना धरून ठेवणाऱ्या सापळ्याचे या मुलीला विलक्षण वेड होते. तसा दाब अंगावर आला की आपले मन शांत होते, असा तिचा अनुभव होता. इतरांना हे वेड घालवून टाकावेसे वाटत होते. कारलॉक यांनी ते घालवले नाही. दाबाने मन शांत का होते हे शोधायचे असेल, तर विज्ञान शिकावे लागेल, शोधनिबंध वाचावे लागतील, असे त्यांनी तिला सांगितले आणि त्या वेडालाच अभ्यासाची वाट करून दिली. ग्रँडिन यांनी पुढे १९८९ साली डॉक्टरेट मिळवली, त्या कोलोरॅडो राज्य विद्यापीठात प्राध्यापक झाल्या आणि गुरांना भीती व यातना न होता हाताळण्याच्या पद्धती व जागा यांच्या रचनेत त्यांनी मोठे नाव मिळवले.

त्यांच्या आयुष्यातील दुसरी एक गोष्टही बोधप्रद आहे. नोकरीच्या सुरुवातीस एका वरिष्ठाने त्यांना शरीराच्या स्वच्छतेविषयी व पोशाखाविषयी स्पष्ट शब्दांत सुनावले, इतकेच नव्हे तर योग्य कपडे घेण्यासाठी मदतही मिळवून दिली. त्या वेळी राग आला, परंतु तो मोठा उपकार होता, असे ग्रँडिन यांनी नंतर नमूद केले आहे. आवडीला दिशा देणारा आणि इतर जण जे पाठीमागे बोलतात ते समोर सांगणारा, अशी मार्गदर्शकाची दोन रूपे या उदाहरणांत दिसतात.

मार्गदर्शक कसा शोधावा?

मार्गदर्शक दैवयोगाने भेटण्याची वाट पाहत बसू नये. तो पद्धतशीरपणे शोधावा. पहिला शोध स्वतःच्या संस्थेतच घ्यावा. समाजकार्याच्या विद्यार्थ्याला पर्यवेक्षक-प्राध्यापकांशी ठराविक काळाने व्यक्तिगत चर्चा करण्याची सोय अभ्यासक्रमातच असते. तिचा पुरेपूर लाभ घ्यावा. महाविद्यालयात समान संधी केंद्र असल्यास तेथे विचारावे. बाहेर पाहावयाचे झाल्यास जिल्हा दिव्यांग पुनर्वसन केंद्र, गटसाधन केंद्रातील समावेशित शिक्षणाचे विषयतज्ज्ञ व विशेष शिक्षक, राष्ट्रीय न्यासाकडे नोंदलेल्या संस्था आणि पालकांच्या संघटना या ठिकाणी स्वमग्नता जाणणारी माणसे भेटतात.

व्यक्ती निवडताना तिच्या पदापेक्षा तिच्या स्वभावाकडे पाहावे. जी व्यक्ती स्पष्ट बोलते, दिलेली वेळ पाळते, प्रश्न विचारल्यास चिडत नाही आणि जिच्या कामाविषयी उमेदवारास आदर वाटतो, ती योग्य होय. शक्य तर गोपनीय अहवाल लिहिणारा अधिकारी मार्गदर्शक नसावा. कारण ज्याच्या हाती बढती आहे, त्याच्यापुढे अडचण मोकळेपणी मांडता येत नाही.

विनंती लहान व निश्चित असावी. 'मला मार्गदर्शन करा' या शब्दांनी समोरचा माणूस बुचकळ्यात पडतो. त्याऐवजी 'पुढील सहा आठवडे दर शनिवारी अर्धा तास द्यावा. पालकांशी कसे बोलावे याविषयी मी दर वेळी तीन प्रश्न लिहून आणीन', असे सांगितल्यास होकार देणे सोपे जाते. समोरासमोर विचारणे जड जात असेल, तर पत्राने किंवा ई-मेलने विचारण्यात कमीपणा नाही. कामाचे मार्गदर्शन करणारी एक व्यक्ती आणि स्वमग्नतेचा अनुभव असलेली दुसरी, अशी जोडी लाभल्यास उत्तम. दुसरी व्यक्ती त्याच गावात असलीच पाहिजे असे नाही. लेखी पत्रव्यवहार पुष्कळ स्वमग्न व्यक्तींना भेटीपेक्षाही सोयीचा वाटतो.

आपले निदान सांगावे की नाही, हा सर्वस्वी उमेदवाराचा अधिकार आहे. मार्गदर्शकास ते सांगितले, तर त्याने ते उमेदवाराच्या संमतीवाचून अन्य कोणास सांगू नये. समोरच्याच्या शब्दावर पूर्ण विश्वास टाकणाऱ्या माणसाचा गैरफायदा घेणारेही असतात. मार्गदर्शनाच्या नावाखाली खाजगी कामे करवून घेणे, पैसे मागणे किंवा भेटी लपवून ठेवण्यास सांगणे हे धोक्याचे लक्षण समजावे. भेटी कार्यालयात किंवा शाळेत, इतरांना माहीत असलेल्या वेळी व्हाव्यात.

मार्गदर्शकाने काय करावे?

यासाठी मोठ्या खर्चाची किंवा विशेष पदवीची गरज नाही. पुढील गोष्टी कोणत्याही कार्यालयात करता येण्याजोग्या आहेत.

पहिली गोष्ट, सूचना स्पष्ट व शक्यतो लेखी द्याव्यात. 'लवकर या' याऐवजी 'सकाळी साडेआठ वाजता या' असे सांगावे. दुसरी, बदलाची कल्पना आधी द्यावी. तपासणीचा दिवस बदलला, वर्ग बदलला, तर आदल्या दिवशी कळवावे. तिसरी, अलिखित नियम शब्दांत मांडावेत. चौथी, दोष दाखवताना नेमकेपणा असावा. 'तुमचे वागणे जरा सुधारा' यातून काहीच कळत नाही. 'पालक बोलत असताना वहीत लिहू नका; ते थांबले की लिहा', हे लगेच अमलात आणता येते. जे चांगले झाले तेही तितक्याच नेमकेपणाने सांगावे. पाचवी, कठीण प्रसंगांची आधी तालीम करून घ्यावी. दुःखद बातमी कशी सांगावी, चिडलेल्या रुग्णास काय उत्तर द्यावे, हे दोघांनी मिळून बोलून पाहिल्यास प्रत्यक्ष वेळी धीर येतो. सहावी, आवाज व प्रकाश यांच्या त्रासाविषयी विचारावे आणि मधल्या सुट्टीत दहा मिनिटे शांत बसण्याची जागा मिळवून द्यावी.

डोळ्याला डोळा भिडवला नाही म्हणजे लक्ष नाही, असे समजू नये. पुष्कळ स्वमग्न व्यक्ती नजर दुसरीकडे ठेवूनच अधिक चांगले ऐकतात.

मार्गदर्शकाच्या कामाला मर्यादाही आहेत. तो वैद्य नव्हे. उमेदवार अतिशय खचलेला दिसला, तर त्याला वेळीच तज्ज्ञाकडे नेले पाहिजे. रुग्णाच्या किंवा विद्यार्थ्याच्या सुरक्षिततेचा दर्जा कोणासाठीही खाली आणता येत नाही. बदलावयाची असते ती त्या दर्जापर्यंत पोचण्याची वाट. एखादे काम खरोखरच झेपत नसेल, तर मार्गदर्शकाने तसे स्पष्ट सांगावे आणि शेजारचे काम सुचवावे. अपघात विभागातील गलबला ज्याला सोसत नाही, तो शालेय आरोग्य तपासणीत किंवा एका वेळी एकाच मुलाबरोबर चालणाऱ्या विशेष शिक्षणात उत्तम काम करू शकतो.

कायद्याचा आधार

१९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या अधिनियमात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने ती प्रथम विचारात घेतली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली संमत झाला व १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले असून स्वमग्नता त्यांपैकी एक आहे. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्यांसाठी शासकीय व शासन अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के आणि शासकीय नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा राखून ठेवण्याची तरतूद त्यात आहे. या ४ टक्क्यांपैकी १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार व बहुविध दिव्यांगत्व या सर्वांसाठी मिळून आहे.

याहूनही महत्त्वाची तरतूद वाजवी सोयींची आहे. प्रत्येक शासकीय आस्थापनेने दिव्यांग कर्मचाऱ्यास वाजवी सोयी व अनुकूल वातावरण उपलब्ध करून द्यावे, असे कलम २० सांगते. लेखी सूचना, बदलाची पूर्वकल्पना, शांत जागा या गोष्टी मेहरबानीच्या नसून याच तरतुदीच्या आशयात बसणाऱ्या आहेत. तक्रार झाल्यास ती ऐकण्यासाठी कलम २३ नुसार प्रत्येक शासकीय आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमणे आवश्यक आहे.

केवळ प्रमाणपत्रावरील टक्केवारी पाहून उमेदवारास दारातून परत पाठवणे योग्य नव्हे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयानेही मांडले आहे. महाराष्ट्रातून गेलेल्या, वाचा व भाषेच्या दिव्यांगत्वाच्या एका प्रकरणात ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यायालयाने असे म्हटले की, टक्केवारी ४० च्या वर आहे एवढ्यावरून वैद्यकीय प्रवेश नाकारता येणार नाही. त्या विद्यार्थ्याला तो अभ्यासक्रम पूर्ण करता येईल की नाही हे मंडळाने तपासले पाहिजे. ते प्रकरण स्वमग्नतेचे नव्हते. परंतु माणसाची क्षमता प्रत्यक्ष पाहून ठरवावी, हा त्यातील विचार येथेही मोलाचा आहे.

गावपातळीवर करता येण्यासारखे

स्वमग्न तरुण-तरुणींची अडचण शहरापेक्षा खेड्यात अधिक असते. कारण तेथे निदानच उशिरा होते किंवा होतच नाही. ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांग कल्याणासाठी खर्च करावी, असा शासनाचा निर्देश आहे. गावातील अशा तरुणांची नोंद ठेवणे, प्रमाणपत्रासाठी त्यांना जिल्हा रुग्णालयापर्यंत पोचण्यास साहाय्य करणे आणि शाळा, अंगणवाडी, ग्रंथालय किंवा आरोग्य उपकेंद्र येथे त्यांना काही दिवस काम पाहण्याची संधी मिळवून देणे, एवढे पंचायत सदस्यांना सहज करता येईल. निवृत्त शिक्षक व परिचारिका प्रत्येक परिसरात असतात. त्यांच्यापैकी एखाद्यास आठवड्यातून एक तास देण्याची विनंती केल्यास मार्गदर्शकाचा प्रश्न गावातच सुटू शकेल.

मुख्याध्यापक व कार्यालयप्रमुख यांनी प्रत्येक नवोदितास रुजू होतानाच एक अनुभवी सहकारी नेमून दिला, तर स्वमग्न उमेदवारास वेगळे दाखवून न देताही त्याची सोय होईल आणि इतर नवोदितांचाही लाभ होईल.

अधिनियमाने दार उघडले आहे. आत आल्यावर कोठे बसावे, कोणाशी कसे बोलावे, काम कसे उरकावे हे मात्र माणसानेच माणसाला सांगावयाचे असते. ज्यांना आयुष्यभर इतरांकडून समजून घेतले जाण्याची वाट पाहावी लागली, त्यांच्यापैकी अनेकांना इतरांना समजून घेण्याचे काम करावयाचे आहे. ते पहिल्या सहा महिन्यांतच सोडून जातात की पुढची तीस वर्षे निष्ठेने सेवा करतात, हे बऱ्याच अंशी त्यांच्याजवळच्या टेबलावर बसणाऱ्या सहकाऱ्यावर अवलंबून आहे.